उजवा पाय कुठे होता?

पोस्टाची पिवळी सायकल ट्रामच्या खांबाभोवती पिळून बसली होती. पत्रं रस्ताभर पसरलेली, आणि पत्रांच्या मधोमध पोस्टमन हाउके टीट्येन पडलेला. एक पाय गुडघ्यातून भलत्याच दिशेला वळलेला, हेल्मेटची दोन शकलं. रुग्णवाहिकेचा डॉक्टर त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होता आणि प्रत्येक दाबाला फासळी कडकन वाजत होती. तो आवाज ऐकून लोकांनी कान झाकायला हवे होते. पण एक दाढीवाला बाप्या हात उंच करून फोनवर सगळं टिपत होता.

मी त्याचा फोन हिसकावला आणि गटाराच्या जाळीत सोडला.

"अहो बाई! हजार युरोचा फोन होता तो!"

"मग उतर आत आणि काढ."

"पोलिसांत देईन तुम्हाला!"

"ते बघ, तिकडे उभे आहेत. जा, दे. आणि जाताना त्या माणसाचा पाय ओलांडून जा, तुडवू नकोस."

"गेशे, पुरे झालं," त्यार्क मागून म्हणाला. त्यार्क आमच्या पाळीचा डॉक्टर. बोलतो कमी, लिहितो जास्त. मी, गेशे ल्यूर्स, त्याच्या बरोबर उलट. ब्रेमेनमध्ये विद्यापीठाचं अपघात-संशोधन पथक आहे, त्यात मी वीसएक वर्षं रस्ते मोजते आहे. शहरात कुठे माणूस जखमी झाला की पोलिसांना, रुग्णवाहिकेला आणि आम्हाला एकदमच कळतं. रुग्णवाहिका माणूस वाचवते, पोलीस गुन्हेगार शोधतात, आणि आम्ही काच किती लांब उडाली, डोकं कशावर आपटलं, कुणी काय बघितलं ते नोंदवतो. लोक आम्हाला गिधाडं म्हणतात. म्हणोत बापडे.

पण त्या दिवशी गिधाडं दुसरीच होती. फूटपाथच्या कडेला एक छोटी लाल गाडी उभी होती, तिचं दार अजून सताड उघडं. दाराशी जमिनीवर एक बाई बसलेली, पायात हॉस्पिटलातले पांढरे बूट. तिच्याभोवती दहा-पंधरा जणांचं कोंडाळं.

"दार उघडताना मागे बघायला डोळे नाहीत का गं, भवाने?"

"मारलास तू त्याला! बघ, बघ त्याच्याकडे!"

एक म्हातारा तिच्यावर थुंकला. एका चांगल्या कोट-बिट घातलेल्या बाईनं तिचे केस धरून मान रस्त्याकडे वळवली, बघ म्हणून. मी मधे घुसले आणि त्या कोटवालीचं मनगट असं पिरगाळलं की ती किंचाळली. मग पोलीस आले आणि त्यांनी कडं केलं. खाली बसलेली बाई, सेव्गी आयदिन, एकच वाक्य घोकत होती, "मी बघितलं होतं. आरशात बघितलं होतं. तो लांब होता."

आणि ज्या गाडीनं पोस्टमनला उडवलं, तिचा मालक? तो पलीकडे बाकावर बसला होता, खांद्यावर कुणीतरी पांघरूण टाकलेलं, हातात पाण्याची बाटली. यॉर्न वेसल्स, स्वयंपाकघरं बसवून देणारा. भली थोरली काळी गाडी, मागे नवं कोरं सिंक. लोक येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. "तुझी काय चूक बाबा. तिनं दार उघडलं, तो एकदम पुढ्यात आला. कुणाच्याही बाबतीत झालं असतं."

आमची पद्धत अशी की ज्यांना बोलता येतं त्यांना आम्ही एकेक करून व्हॅनमध्ये बसवतो, चहा देतो आणि विचारतो. मी पूर्व फ्रीजियाची, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरची. आमच्याकडे चहा म्हणजे कपात आधी खडीसाखरेचा खडा, वरून कढत चहा. खडा तडकतो तो आवाज ऐकला की माणूस जरा जागेवर येतो. त्यानंतर मी प्रत्येकाला तेच सांगते, "इथे बोललेलं इथेच राहतं. पोलिसांकडे नाही, कोर्टात नाही, विमा कंपनीकडे नाही. आम्हाला कुणाला पकडायचं नाहीये, आम्हाला फक्त रस्ता शहाणा करायचाय." माणसं खरं बोलतात ती या एका वाक्यामुळे.

सेव्गीला आधी बसवलं. ती म्हणाली, आरशात बघितलं, सायकल लांब होती, दार उघडलं. सायकलवाल्यानं दार बघितलं, डावा हात बाहेर काढून दाखवला आणि सावकाश बाहेरून वळसा घ्यायला लागला. "मी त्याला हात करणार होते, माफ करा म्हणून. तेवढ्यात..." कप तसाच राहिला.

मग वेसल्स. मी प्रश्न विचारत गेले. सीट कशी होती, पट्टा होता का, नजर कुठे होती. आणि जो प्रश्न मी प्रत्येक चालकाला विचारते तो, "धडक बसण्याआधी तुमचा उजवा पाय कुठे होता?"

कपातला खडा तडकला.

"इथेच राहतं ना हे? नक्की?"

"नक्की."

"ॲक्सिलरेटरवर," तो म्हणाला. "पार तळाला."

त्यार्कचं पेन थांबलं.

"मागच्या सिग्नलला मी सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यावर थांबलो होतो, तर त्यानं माझ्या बॉनेटवर बुक्की मारली. गाढव म्हणाला मला, सगळ्यांसमोर. लोक हसले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, घाबरवतो साल्याला, आरशानं बाही फाटेल इतक्या जवळून जातो. तो त्या दारासाठी बाहेर आला. हात दाखवून आला. मी हात बघितला." त्यानं नाक पुसलं. "बघितला आणि अजून दाबला."

मला तो कढत चहा त्याच्या तोंडावर ओतायचा होता. पण मी काय केलं? "धन्यवाद, इथे सही करा," म्हटलं. टीट्येन हॉस्पिटलात पोचायच्या आत गेला होता.

पुढच्या तीन आठवड्यांत जे झालं ते कुठल्याही गाढवाला आधीच सांगता आलं असतं. उघडं दार शंभर लोकांनी बघितलं होतं. कुणाचा पाय कुठे होता, ते कोण बघणार? वेसल्सची गाडी जुनी, आत कसली नोंद ठेवणारं यंत्रही नव्हतं. सेव्गीवर निष्काळजीपणानं मारल्याचा गुन्हा दाखल झाला. तिच्या गाडीच्या काचा फोडल्या. तिच्या दारावर लाल रंगात 'खुनी' लिहिलं. एका संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर कुणीतरी तिच्या पोटात कोपर मारून पळून गेलं. हॉस्पिटलनं तिला घरी बसवलं. हे सगळं मला पेपरातून कळत होतं, आणि मी त्या पेपरावर खडीसाखर फोडत होते.

एक गोष्ट मी केली. त्याच रस्त्यावर आमच्याच विभागाचं धूर मोजणारं यंत्र दिव्याच्या खांबाला लावलेलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नळकांड्यातून किती काजळी निघते ते नोंदवतं. अपघाताच्या क्षणाआधी तिथे काजळी एकदम आभाळाला भिडली होती. डिझेलची जुनी गाडी तळापर्यंत दाबली की अशीच ओकते. हवा काही कुणाच्या वचनात बांधलेली नाही, म्हणून ते कागद घेऊन मी पोलिसांकडे गेले. तिथल्या साहेबानं चष्मा वर केला.

"बस गेली असेल हो, ल्यूर्सबाई."

"त्या वेळेला तिथे बस नसते."

"मग ट्रक गेला असेल. तुम्हाला नेमकं म्हणायचंय काय?"

मला नेमकं काय म्हणायचंय तेच तर म्हणता येत नव्हतं. मी कागद उचलून परत आले.

तशीच वेसल्सच्या कारखान्यात गेले. तो एक लाकडी फळी घासत होता.

"स्वतः जा आणि सांग."

"वचन दिलंयत तुम्ही."

"दिलंय, म्हणून तर तुझ्याकडे आलेय, नाहीतर सरळ त्यांच्याकडे गेले असते. त्या पोरीला जिवंत जाळतायत, रे!"

"मला दोन मुलं आहेत."

"त्यालाही होती, मेल्या!"

त्यानं लोखंडी शटर धाडकन खाली ओढलं. माझी बोटं थोडक्यात वाचली. मी त्या शटरवर लाथ घातली, इतक्या जोरात की दोन दिवस लंगडत होते.

लंगडतच प्रोफेसर बेहरेन्सच्या खोलीत शिरले. आमचे प्रमुख. भला माणूस, हीच तर पंचाईत.

"गेशे, नाही म्हणजे नाही," ते म्हणाले. "ट्रकवाले आपल्याशी खरं बोलले म्हणून शाळेपुढचा चौक बदलला. तिथे तेव्हापासून एक पोर मेलेलं नाही. ते खरं बोलले कारण त्यांना भीती नव्हती. तू एकदा तोंड उघड, उद्यापासून या शहरातला प्रत्येक माणूस आपल्याशी खोटं बोलेल. मग पुढची पोरं कोण वाचवणार?"

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि आपण आकडे लिहीत बसायचं?"

"कोर्ट आहे. वकील आहेत."

"आणि ती? ती आहे का हिशेबात कुठे?"

मी त्यांचा चहाचा मग भिंतीवर फेकला. त्यांनी उठून तुकडे गोळा केले. त्यांचं खरं होतं, त्याचाच तर मला राग होता.

आमच्याकडे सायकलवाला जिथे मरतो तिथे एक जुनी सायकल पांढरी रंगवून कायमची साखळीनं बांधून ठेवतात. बांधायच्या दिवशी लोक सायकली घेऊन येतात, रस्त्यावर बसतात, वाहतूक थांबते आणि काही वेळ कुणी बोलत नाही. शनिवारी दुपारी टीट्येनसाठी ते होतं. त्यार्क आणि मी गेलो. तीनेकशे माणसं डांबरावर बसलेली. पोलीस दोन्ही टोकांना गाड्या अडवत होते.

पांढरी सायकल खांबाला टेकवून ठेवली होती. तिच्या हँडलला पोस्टमनच्या मुलांनी काढलेलं चित्र अडकवलेलं. टीट्येनचा भाऊ माल्टे, बंदरावर काम करणारा, दारातून वाकून यावं लागेल असा आडदांड, हातात मनगटाएवढी जाड साखळी घेऊन उभा होता. बांधायचा मान त्याचा. आणि गर्दीतून यॉर्न वेसल्स पुढे आला. आला नसता तर लोक काय म्हणाले असते! माल्टेनं त्याला बघितलं आणि साखळीसकट त्याला मिठी मारली.

"तुझ्यावर काय राग धरायचा, दोस्ता," तो हुंदके देत म्हणाला. "तुझंही वाटोळंच केलं त्या बाईनं."

वेसल्स मिठीत ताठ उभा. डोळे मिटलेले.

आणि नेमकी त्याच वेळी ती आली. सेव्गी. एकटी. हातात पांढरी फुलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं का, की येऊ नकोस म्हणून? सांगितलं असणार. तरी आली. बसलेल्या माणसांमधून वाट काढत आली, कुणी तिच्या पायावर थुंकलं, कुणी तिचा कोट ओढला, तरी ती येतच राहिली.

"मला फक्त फुलं ठेवायचीयत," ती माल्टेला म्हणाली.

माल्टेनं साखळी फिरवली.

मी कशी उठले मला माहीत नाही. साखळी तिच्या डोक्यावर यायची ती माझ्या आडव्या हातावर आली. हाड मोडल्याचा आवाज मी इतक्या वेळा दुसऱ्यांच्या बाबतीत लिहून घेतलाय. आपला ऐकू येतो तेव्हा तो खूप मोठा असतो. मी खाली कोसळले. साखळीचं टोक तसंच पुढे जाऊन सेव्गीच्या गालावर बसलं आणि गाल ओठापर्यंत उघडला. फुलांवर रक्त. ती ओरडलीही नाही. उभी राहिली, जणू आणखी एक फटका तिचं देणंच होतं. माल्टेनं पुन्हा साखळी उचलली.

त्या क्षणी मला वेसल्सचे बूट दिसले. माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर. उजवा बूट.

मी डांबरावरून ओरडले, होता नव्हता तेवढा जीव लावून, "वेसल्स! धडक बसण्याआधी तुमचा उजवा पाय कुठे होता?"

माल्टेचा हात वर थांबला. "काय बडबडतेय ही म्हातारी?"

"मी काही सांगत नाहीये!" मी ओरडले. "मी फक्त विचारतेय! रोज प्रत्येकाला विचारते! यालाही विचारते! उजवा पाय कुठे होता?"

तीनशे डोकी त्या एका बुटाकडे वळली. वेसल्सनं हँडलवरच्या चित्राकडे बघितलं. पिवळी सायकल, तिच्यावर पिवळा माणूस, वर सूर्य. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"ॲक्सिलरेटरवर," तो म्हणाला.

"म्हणजे?" माल्टेनं विचारलं, अगदी हळू.

"ब्रेकवर नव्हता. तो वेळेत बाहेर आला होता. हात दाखवला होता त्यानं. हिच्यामुळे नाही झालं. मी... मी मुद्दाम दाबला."

आता लोक म्हणतात की माल्टेला भान नव्हतं. मी जवळ होते. त्याला पुरेपूर भान होतं. पहिला फटका त्यानं जबड्यावर मारला, दुसरा तोंडावर. दात खडीसाखरेसारखे डांबरावर टणटणत गेले. वेसल्स पडला, तसे जे इतका वेळ शांततेत बसले होते ते उठले. कुणी पोटात लाथ घातली, कुणी पाठीत. सायकलचा पंप घेऊन एक प्राध्यापकासारखा दिसणारा माणूस त्याच्या बरगड्यांवर सपासप मारत होता आणि रडत होता. तीन आठवडे जे लोक सेव्गीवर थुंकत होते, तेच आता त्याच्यावर थुंकत होते. त्यार्क मला ओढून बाजूला करत होता. वेसल्स घशातून असा आवाज काढत होता, जसा बाथरूमचं पाणी जाताना येतो.

आणि त्या लाथांच्या जंगलात सेव्गी रांगत घुसली.

"सरका!" ती किंचाळली. "त्याचा श्वास अडकलाय! सरका म्हणते ना!"

तिनं त्याला कुशीवर वळवलं, दोन बोटं त्याच्या तोंडात घालून रक्त आणि दात ओढून काढले, जबडा पुढे धरला. एक लाथ तिच्या पाठीवर बसली. ती त्याच्यावर आडवी झाली आणि बोटं तशीच ठेवली. दुसरी लाथ बसली. माल्टेनं साखळी वर नेली, खाली तिला बघितलं, तिच्या फाटलेल्या गालाकडे बघितलं, आणि साखळी टाकून मटकन खाली बसला. मग पोलीस आले.

हॉस्पिटलच्या बोळात मी बसले होते, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. शेजारी त्यार्क. प्रोफेसरांचा फोन येऊन गेला होता. "तू वचन मोडलंस का?" त्यांनी विचारलं. "मी प्रश्न विचारला," मी म्हटलं. ते म्हणाले, "हाताची काळजी घे."

सेव्गी आली. गालावर टाक्यांची रांग, कोटावर सुकलेलं रक्त, निम्मं तिचं, निम्मं त्याचं. आमच्या समोर उभी राहिली.

"जबडा तीन ठिकाणी मोडलाय," ती ओठांच्या एका कोपऱ्यातून म्हणाली. "जगेल. सगळं लिहून देतो म्हणाला. पाटीवर लिहून."

"चांगलं झालं."

"तो प्रश्न तुम्ही मला नव्हता विचारला."

"तो चालत्या गाडीच्या चालकांना विचारतो आम्ही."

"मग त्याला व्हॅनमध्ये विचारला असणार." तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्हाला उत्तर माहीत होतं."

खोटं बोलता आलं असतं. पण मी कधी कुणाला खोटं बोलू दिलं नाही, मी कुठून बोलणार.

"होतं."

"कधीपासून?"

"त्याच दुपारपासून. तू बाहेर फूटपाथवर बसली होतीस तेव्हापासून."

ती सावकाश बोलायला लागली, टाके ओढले जाऊ नयेत म्हणून एकेक शब्द. "मी डोळे मिटले की ते दार उघडायचं. रोज. तीन आठवडे. मी आईला सांगितलं, मी माणूस मारला. घरात गोळ्या आणून ठेवल्यात मी. आज फुलं ठेवायची आणि जाऊन घ्यायच्या, असं ठरवलं होतं."

त्यार्कनं मान खाली घातली.

"सेव्गी, मी त्याला वचन..."

तिनं माझ्या कानाखाली जाळ काढला. नर्सचा हात, रोज माणसं उचलणारा. डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यार्क ताडकन उठला, मी चांगल्या हातानं त्याला खाली बसवलं.

"झाला का तुमचा रस्ता शहाणा?" तिनं विचारलं.

मग वाकून माझ्या गळ्यातली सैल झालेली झोळी तिनं सोडली, घट्ट बांधली, जरा जास्तच घट्ट, आणि बोळातून निघून गेली.